चौथ्या कार्डाचे वळ

१

आत्या घरातून नाहीशी होऊन एकेचाळीस दिवस झाले होते, आणि तिची कार्डं मात्र ठरल्यासारखी येत होती.

पुतण्यानं तिन्ही कार्डं टेबलावर ओळीनं मांडली. पहिलं फिनलंडहून आलेलं, दुसरं पोर्तुगालहून, तिसरं चिलीहून. बर्फ, दीपगृह, डोंगर. मागच्या बाजूला घरचा पत्ता आणि शेजारी चार-चार ओळी. मी मजेत आहे. पाय दुखतात, पण चालते. काळजी नको. आत्या.

"अक्षर तिचंच आहे, काकू," तो म्हणाला. "त्यात शंका नाही. पण माझं मन खातंय मला. जी बाई विमानाचा आवाज ऐकला तरी कानांत बोटं घालते, ती चिलीला जाईल?"

शिक्केबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. टपालखात्यात बत्तीस वर्षं तारखेच्या शिक्क्यांच्या टेबलावर काढल्यामुळे हे नाव त्यांना चिकटलं होतं, ते निवृत्तीनंतरही सुटलं नाही. उलट आता लोक घरी येऊ लागले. कुणाचं नेमणुकीचं पत्र मुदत टळल्यावर पोचलेलं, कुणाला निनावी चिठ्ठ्या येणाऱ्या. शिक्केबाई पाकीट उजेडात धरत, बोटानं चाचपत, आणि बहुतेक वेळा त्यांचं म्हणणं खरं ठरे. त्याचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता. सून तसं तोंडावर म्हणायची.

"पोलिसांत गेलात?"

"काय सांगू तिथं? आत्या हरवलीय आणि नेमानं खुशाली कळवतेय, असं? हसतील मला." तो कसनुसा हसला. चाळिशीचा, मऊ आवाजाचा माणूस. चष्म्याचं दुकान चालवायचा, त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांत रोखून बघायची त्याला सवय होती. "जाताना चिठ्ठी ठेवून गेली. 'जग कागदावर पुष्कळ पाहिलं, आता डोळ्यांनी बघून येते. शोधू नका.' बस्स, एवढंच."

आत्या म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलबाई. चाळीस वर्षं त्या जगभरच्या अनोळखी माणसांशी कार्डांची देवाणघेवाण करत होत्या. इकडून एक कार्ड कुणा परक्याला जायचं, तिकडून दुसऱ्याच कुणा परक्याचं यायचं. चार हजारांवर कार्डं, बावीस अल्बम. ती पाठवणाऱ्यांपैकी एकालाही त्या कधी भेटल्या नव्हत्या.

"मी सहा वर्षांचा असताना आईबाप गेले. तिनंच वाढवलं मला," पुतण्या म्हणाला. "आणि माझी बायको गेली तेव्हाही तिनंच सावरलं. या नऊ तारखेला आठ महिने होतील. जिन्यावरून पडली. मी चार दिवस एकटाच तळ्यावर गेलो होतो, आठ तासांचा रस्ता. आत्यानं फोन केला तेव्हा..." त्यानं चष्मा काढून पुसला. "आता आम्ही दोघंच उरलो होतो, काकू. ती मला न सांगता जाईल?"

शिक्केबाईंना भरून आलं. त्यांनी कार्डं ठेवून घेतली.

तो गेल्यावर त्यांनी भिंग काढलं. अक्षर खरं. तिकिटं खरी. शिक्केही खरे. आणि तिथंच त्यांना खटकलं.

शिक्के फारच चांगले होते.

२

"फार चांगले म्हणजे काय, आई?" सुनेनं विचारलं. ती दवाखान्यात परिचारिका होती आणि त्या दिवशी तिची सुट्टी होती.

"प्रवासाला गेलेलं माणूस कार्ड कसं टाकतं? दिसली पेटी की टाकलं. मग ते यंत्रातून जातं, नागमोडी रेघा उठतात, निम्मा शिक्का तिकिटाबाहेर. आणि हे बघ. तिन्ही शिक्के तिकिटाच्या कोपऱ्यावर नेमके बसलेत. शाई कुठं पसरलेली नाही. शिवाय तिन्हींत चित्रं आहेत, पक्षी, दिवा, डोंगर. हे कुणीतरी जीव लावून मारून घेतलेत."

"आत्यांनाच हौस असेल."

"असेल. नाहीतर दुसऱ्या कुणाला."

दुपारी त्या भूगोलबाईंच्या कार्ड-विनिमय मंडळाच्या सचिवांकडे गेल्या. दातांचे साचे करण्यात आयुष्य गेलेले हे गृहस्थ आता वाचनालयाच्या माडीवर कार्डांच्या खोक्यांत बसून असत. भूगोलबाईंचं नाव काढताच त्यांचा चेहरा आंबट झाला.

"गेल्या का? मग अल्बम कुठं आहेत? बावीसच्या बावीस? घरात उंदीर लागले तर? मी त्यांना दहादा म्हटलं, मंडळाला द्या."

"तुमचं त्यांच्याशी भांडण होतं म्हणे."

"भांडण कसलं! एका कार्डावरून बोलाचाली झाली. त्यांचा तो पुतण्या. जन्मात कधी कार्ड पाठवलं नाही, आणि एक पाठवलं ते असं, की मंडळात कुणाकडे नाही. तळ्याच्या गावचं, होडीचं चित्र असलेल्या शिक्क्याचं. एकच दिवस मारला तो त्या गावात. मी बदल्यात माझे दोन अल्बम देत होतो, पण बाई ढिम्म."

"सचित्र शिक्का पेटीत टाकलेल्या पत्रालाही मिळतो का हल्ली? आमच्या वेळी मिळत नसे."

"आजही नाही. पेटीतल्याला साधा गोल. चित्राचा हवा तर खिडकीपाशी रांग लावा, कार्ड पुढं करा, आणि कारकुनाला दम द्या की हळू मार. आम्ही लोक तासन्‌तास उभे राहतो. शहाण्या माणसाचं काम नव्हे ते."

शिक्केबाईंनी पिशवीतून तीन कार्डं काढून पुढं ठेवली. सचिवांनी ती नुसती पाहिली आणि त्यांचे डोळे चमकले.

"वा! फिनलंडच्या मास्तरांचं काम हे. आणि हा दिवा... पोर्तुगालच्या त्या नर्सबाई. दोघंही जुने भिडू, भूगोलबाईंचेच. परतीची कार्डं आहेत ही."

"परतीची?"

"आपण इथं बसून कार्ड लिहायचं, पाकिटात घालायचं, तिकडच्या ओळखीच्या संग्राहकाला पाठवायचं. तो तिकडचं तिकीट लावून, शिक्का मारून परत आपल्याकडे टाकतो. आमच्यात नेहमीचं आहे."

शिक्केबाईंनी चिलीचं कार्ड उचललं. "म्हणजे चिलीहून कार्ड यायला चिलीला जावं लागत नाही."

"छे हो! खुर्चीतून उठावंसुद्धा लागत नाही."

३

वाचनालयाचा जिना उतरताना शिक्केबाई दिवस मोजत होत्या. पाकीट तिकडं जायला पंधरा-एक दिवस, कार्ड परत यायला तितकेच. म्हणजे ही तिन्ही कार्डं भूगोलबाई नाहीशा झाल्या त्याच सुमाराला लिहिलेली. मग ती बाई आज जिवंत आहे, असं कुणी सांगावं? कार्डं तर काहीच सांगत नव्हती. कुणी समोर बसून तिच्याकडून ती लिहवून घेतली असतील, आणि नंतर...

पुढचा विचार त्यांनी केला नाही.

भूगोलबाईंचं जाणं-येणं होतं अशी मंडळाबाहेरची एकच जागा पुतण्यानं सांगितली होती. कॉलेजच्या फाटकासमोरचं बाइंडरचं दुकान. बावीसही अल्बम त्यानंच बांधले होते. सत्तरीचा विधुर, बोटांना कायमची वाळलेली खळ. शिक्केबाई आत गेल्या तेव्हा तो एका जाड वहीच्या पाठीला निळं कापड चिकटवत होता. त्यानं मान वर केली नाही.

"भूगोलबाई शेवटच्या कधी आल्या होत्या?"

"झाले असतील दोन महिने. तेविसावा अल्बम सांगून गेल्या."

"पैसे न देता, निरोप न घेता गेल्या परदेशी?"

"मोठं माणूस आहे. त्यांची मर्जी."

"काही बोलल्या होत्या? कुणाची भीती, कुणाचा त्रास?"

ब्रश क्षणभर थांबला. मग पुन्हा चालू लागला. "मला कशाला सांगतील? मी पुठ्ठे कापणारा माणूस."

"तुमची इतक्या वर्षांची ओळख. चिंता नाही वाटत?"

"चिंता कसली? खुशालीची तीन-तीन कार्डं आलीत की पुतण्याला."

शिक्केबाईंनी मान डोलावली, नमस्कार केला आणि बाहेर पडल्या. रस्ता ओलांडून पलीकडच्या फूटपाथवर गेल्यावर त्या जागच्या जागी थांबल्या.

पुतण्यानं ती कार्डं त्यांच्याखेरीज कुणाला दाखवली नव्हती. सचिवांनी आज पहिल्यांदा पाहिली. आणि स्वतः त्यांनी बाइंडरसमोर कार्डांचा शब्दही काढला नव्हता.

मग हा माणूस तीन म्हणाला कसा?

४

दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्केबाई खिडकीशी बसल्या. पडदा असा ओढला, की उन्हाची एकच पट्टी टेबलावर आडवी येईल. कागदावर दाबून लिहिलं की खालच्या कागदावर वळ उठतात. वरून बघितलं तर काही दिसत नाही. कडेनं उजेड टाकला की ते सावल्या धरतात.

भूगोलबाई शाळेतल्या सवयीनं बॉलपेन दाबून लिहायच्या. चिलीच्या कार्डावर, त्याच्या स्वतःच्या मजकुराखाली, पोर्तुगालच्या कार्डाच्या ओळी उमटल्या होत्या. पोर्तुगालच्यावर फिनलंडच्या. तीन देशांतली कार्डं एकाच गठ्ठ्यावर, एकाच बैठकीत लिहिलेली.

मग त्यांनी फिनलंडचं कार्ड उन्हात धरलं, आणि त्यांचा हात थांबला.

त्यावरही वळ होते. म्हणजे गठ्ठ्याच्या सगळ्यात वर आणखी एक कार्ड होतं. चौथं. जे पुतण्याला आलंच नव्हतं.

वरच्या ओळी फिनलंडच्या मजकुरात गुंतून गेल्या होत्या. खालची जागा मात्र कोरी होती, तिथली अक्षरं सुटी दिसत होती. शिक्केबाई एकेक अक्षर कागदावर उतरवत गेल्या. उत्तर माझ्या घरी पाठवू नका. द्वारा बाइंडर, वरची खोली, घंटाघरामागची गल्ली.

त्या खुर्चीत मागं टेकल्या. जबरदस्तीनं लिहवून घेतलेलं माणूस उत्तर कुठं पाठवायचं ते असं सांगत नाही. भूगोलबाई जिवंत होत्या, याच शहरात होत्या, आणि स्वतःहून लपल्या होत्या.

दारावरची घंटा वाजली. पुतण्या होता. रात्रभर झोपला नसावा.

"काही कळलं, काकू?"

आणि शिक्केबाईंना राहवलं नाही. त्याचा ओढलेला चेहरा बघून, आणि खरं सांगायचं तर आपण काय शोधून काढलं ते सांगण्याच्या हौसेनंही. "तुमची आत्या कुठंही गेलेली नाही," त्या म्हणाल्या. "सुखरूप आहे. बाइंडरकडे आहे." आणि वळांची सगळी करामत त्यांनी त्याला समजावून सांगितली.

तो हसेल, रडेल, निदान खुर्चीत बसेल असं त्यांना वाटलं होतं. तो उभाच राहिला. त्याची नजर टेबलावरच्या कार्डावर खिळली होती.

"त्या चौथ्या कार्डावर आणखी काय लिहिलंय?"

"वरचं काही लागत नाही. सगळा गुंता आहे."

त्यानं सुटकेचा श्वास सोडला. अगदी हलका. मग तो "येतो" म्हणाला आणि भराभर जिना उतरून गेला. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

तिन्ही कार्डं तशीच टेबलावर पडली होती. ज्या कार्डांसाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता, त्यांच्याकडे त्यानं जाताना वळूनही पाहिलं नव्हतं.

५

"आई, तुम्ही अशा का बसलात?" सून स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"गुंता सोडवते," शिक्केबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

त्यांनी फिनलंडच्या मजकुरातली शाईची अक्षरं एका कागदावर उतरवून घेतली. मग कार्डावर भिंग धरून, शाईचं ते सगळं वगळून, उरलेले वळ वाचायला घेतले. बत्तीस वर्षं त्यांनी एकावर एक पडलेले शिक्के असेच सोडवले होते. ऊन सरकत होतं, तसं त्या कार्ड सरकवत होत्या.

तळ्याच्या ताईंना नमस्कार.

मग दोन ओळी गेल्या.

नऊ तारखेला माझ्या पुतण्याचं कार्ड

काहीतरी पुसट.

तुम्हीच टपालात दिलंत, हे मला सहीनिशी कळवाल का? तुमचं आधीचं पत्र माझ्याकडे राहिलेलं नाही.

शिक्केबाईंनी भिंग खाली ठेवलं.

नऊ तारीख. बायको जिन्यावरून पडली ती नऊ तारीख. पुतण्या आठ तासांच्या अंतरावर, एकटा. तो तिथं होता कशावरून? त्यानं आत्याला तिथून कार्ड टाकलं यावरून. सचिवांनी बदल्यात दोन अल्बम देऊ केले होते तेच ते होडीच्या शिक्क्याचं कार्ड. कार्ड जर तिथल्या कुणा बाईनं टाकलं असेल, तर तो स्वतः त्या दिवशी कुठं होता?

चिलीला न जाता चिलीहून कार्ड येतं. तळ्यावर न जाता तळ्याहून का येणार नाही?

"मी त्याला पत्ता सांगितला," त्या सुनेला म्हणाल्या. "ती बाई त्याच्यापासून लपली होती, आणि मी त्याला बोटानं दाखवून दिली."

"पूर्ण पत्ता?"

शिक्केबाई थबकल्या. "नाही. नुसतं बाइंडर म्हटलं. त्याला कॉलेजसमोरचं दुकानच ठाऊक आहे. खोली घंटाघरामागं आहे."

सुनेनं केव्हाच फोन उचलला होता. "मी पोलिसांना कळवते. तुम्ही निघा. आणि आई, तिथं पोचल्यावर शहाणपणा करू नका."

६

घंटाघरामागची गल्ली अरुंद होती. रिक्षा तोंडाशीच सोडावी लागली. जिना लाकडी, उभा चढ. शिक्केबाईंनी दार ठोठावलं. आत काहीतरी सरकलं आणि थांबलं.

"भूगोलबाई, मी टपालखात्यातली. तळ्याच्या ताईंना लिहिलेलं तुमचं कार्ड वाचलंय मी. तुमचा पुतण्या येतोय. चूक माझी आहे. दार उघडा."

कडी निघाली. भूगोलबाई उंच, कृश होत्या. केस घट्ट बांधलेले. मागं कागदांचे ढीग, पुठ्ठे, आणि पुस्तकं दाबायचा लोखंडी दाब, वर चाक असलेला. कोपऱ्यात एक खाट.

"इतक्या लवकर," एवढंच त्या म्हणाल्या.

"बाइंडर?"

"दुकानात असतील. बिचारे रोज येऊन सांगतात, आज पुतण्याला कार्ड आलं, पोस्टमनला विचारून आलो. तळ्याचं उत्तर मात्र येत नाही. ती बाई लेकीच्या बाळंतपणाला गेलीय म्हणतात."

त्यांनी खाटेखालून एक वही काढली. त्यातलं कार्ड शिक्केबाईंच्या हातात दिलं. निळं तळं. मागं पुतण्याच्या अक्षरात दोन ओळी: इथं फार शांत आहे, आत्या. उद्या होडीतून जाणार. आणि तिकिटावर होडीचं चित्र असलेला शिक्का, नऊ तारखेचा, नेमका बसवलेला, कुठंही न फिस्कटलेला.

"पोलिसांनी बघून परत दिलं," भूगोलबाई म्हणाल्या. "मलाही संशय आला नव्हता. सहा महिन्यांनी, माझ्याशी कार्डं बदलणाऱ्या तळ्याच्या ताईंचं पत्र आलं. 'तुमच्या पुतण्यानं पाठवलेलं कार्ड सांगितल्याप्रमाणे नऊ तारखेला टाकलं होतं, होडी आवडली ना?' मी ते जेवताना त्याला वाचून दाखवलं. हसत हसत. माझ्या डोक्यात अजून उजेड पडला नव्हता हो. त्यानं पत्र हातात घेतलं, शांतपणे वाचलं आणि शेगडीवर धरलं. म्हणाला, 'आत्या, तुझं वय झालं. जिना जपून उतरत जा.'"

शिक्केबाईंनी हातातलं कार्ड पुन्हा उलटून पाहिलं.

"माझी सून, त्याची बायको, त्याला सोडून जाणार होती," भूगोलबाई हळू म्हणाल्या. "बॅग भरून ठेवली होती. मीच तिला म्हटलं होतं, जा. थांबू नकोस."

खाली जिना करकरला. एकेक पायरी, सावकाश.

"आत्या," मऊ आवाज आला. "मी आहे. दार उघड."

कडी लावायची राहून गेली होती. तो आत आला. शर्टाच्या बाहीवर खळीचा ओला डाग होता.

"बाइंडर कुठं आहेत?" शिक्केबाईंनी विचारलं.

"बसलेत दुकानात. जरा चक्कर आलीय त्यांना. पावतीपुस्तकावर दोन्ही पत्ते छापलेत, बरं झालं." त्याची नजर शिक्केबाईंच्या हातावर गेली. "ते कार्ड माझं आहे, काकू."

शिक्केबाईंनी कार्ड मागं, भूगोलबाईंच्या हातात सरकवलं, आणि स्वतः दोघांच्या मधे उभ्या राहिल्या. सुनेनं शहाणपणा करू नका म्हटलं होतं. पण बोलत राहणं हाच आता एक उपाय होता.

"देते ना. एकच सांगा. हे कार्ड तुम्ही स्वतः टाकलंत?"

"मग काय दुसऱ्यानं?"

"कुठं?"

"तळ्याकाठच्या पेटीत. नऊ तारखेला, दुपारी. पोलिसांना तेच लिहून दिलंय मी."

"पेटीतच? पोस्टाच्या खिडकीवर नाही?"

"पेटीत म्हटलं ना! पोस्टात मी पाऊलही टाकलं नाही." त्यानं एक पाऊल पुढं टाकलं.

"मग तुम्ही नव्हता तिथं," शिक्केबाई म्हणाल्या. "हा होडीचा शिक्का पेटीतल्या पत्राला मिळतच नाही. खिडकीवर रांग लावून, कार्ड पुढं करून मागून घ्यावा लागतो. तुम्हाला ते ठाऊक नाही, कारण तुम्ही कधी रांगेत उभे राहिलाच नाहीत. ज्या बाईला तुम्ही कार्ड पाकिटात घालून पाठवलंत, ती संग्राहक आहे. तुम्ही नुसतं टाका म्हटलं असेल. तिनं आत्यासाठी म्हणून चांगला शिक्का मारून घेतला. पोलिसांना लिहून दिलेला तुमचा जबाब आणि हे कार्ड, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही."

मग त्यानं शिक्केबाईंना खांद्यानं बाजूला ढकललं. त्या पुठ्ठ्यांच्या ढिगावर आपटल्या. तो आत्याकडे वळला.

भूगोलबाईंचे हात रिकामे होते. त्या लोखंडी दाबापाशी उभ्या होत्या आणि दोन्ही हातांनी चाक फिरवत होत्या. दाबाचा वरचा पाट खाली टेकला होता. तरी त्या फिरवतच होत्या, दातओठ खाऊन.

"आत्या, सोड ते."

"नाही."

त्यानं चाकावर हात घातला. चाक उलटं फिरेना. दोन जाड वह्यांच्या मधे कुठंतरी ते कार्ड गच्च बसलं होतं. तो जोर लावू लागला, कपाळावरच्या शिरा फुगल्या, आणि त्या म्हाताऱ्या बाईनं सगळं वजन चाकावर टाकलं. दोघांची तोंडं वीतभर अंतरावर होती.

"तुला लिहायला मी शिकवलं," त्या म्हणाल्या. "माझ्या मांडीवर बसवून."

त्याची पकड सैल झाली की नाही, ते शिक्केबाईंना सांगता आलं नसतं. कारण तेवढ्यात जिन्यावर बुटांचे आवाज आले, फौजदार आणि दोन शिपाई आत शिरले आणि त्यांच्यामागून धापा टाकत सून. पुतण्यानं चाक सोडलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पहिल्या दिवशी पुसला होता अगदी तसाच. मग तो कुणाकडेही न बघता शिपायांच्या मधून जिना उतरला.

भूगोलबाई चाक धरून उभ्याच होत्या. त्यांची बोटं सोडवायला सुनेला बराच वेळ लागला.

७

बाइंडरच्या डोक्याला सहा टाके पडले. चौथ्या दिवशी तो पुन्हा खळ कालवत बसला. दाबातलं कार्ड पोलिसांच्या देखत त्यानंच काढून दिलं, घडीही न पडता. पुतण्यानं दोन दिवस नाकारलं, तिसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. भूगोलबाई त्याला भेटायला गेल्या नाहीत. त्याचे जाड स्वेटर मात्र त्यांनी शिक्केबाईंच्या सुनेच्या हाती पाठवले.

महिनाभरानं शिक्केबाईंना त्यांचा निरोप आला. तळ्याच्या ताई साक्ष द्यायला आल्या आहेत, घरी येणार आहेत, तुम्ही असाल तर बरं.

ती बाई दारातच उभी राहिली. पन्नाशीची, शिवणकाम करणारी, हातात कापडी पिशवी. आत येईना.

"मला वाटलं, किती माया आत्यावर," ती म्हणाली. तिचा आवाज फुटत होता. "त्यानं नुसतं पेटीत टाका लिहिलं होतं. मी म्हटलं, तुम्हाला होडी आवडेल. दीड तास उभी राहिले हो मी रांगेत. उन्हात. माझ्याच हातानं मी त्याला..."

शिक्केबाईंना वाटलं, बोलणं आपल्यालाच भाग पडणार.

मग भूगोलबाई पुढं झाल्या आणि त्यांनी त्या बाईच्या हातातली पिशवी घेतली.

"तुम्ही कार्ड पेटीत टाकलं असतंत ना," त्या म्हणाल्या, "तर तो सुटला असता. माझ्या सुनेसाठी कुणी काही केलं असेल, तर ते तुम्ही. त्या दीड तासात." त्यांनी तिचा दंड धरला. "चाळीस वर्षांत माझ्याकडे कार्डवाल्यांपैकी कुणी आलं नाही. आत या. कुठं बसवू तुम्हाला, तेच मला सुचत नाहीये."

ती बाई चपला काढायला वाकली, आणि तशीच वाकून रडत राहिली. भूगोलबाई तिच्याजवळ उंबऱ्यावर बसल्या. शिक्केबाईंनी दोघींकडे एकदा पाहिलं आणि चहा टाकायला आत गेल्या.